पिस्टन नसलेलं इंजिन घरी बांधताना

‘इंजिन घरी बांधलं’ असं कुणी सांगितलं की त्यातलं ‘घरी’ जरा तपासून घ्यावं लागतं. नेहमीचं पिस्टनचं इंजिन पूर्ण उघडलं की निम्मं काम घराबाहेर जातं. ब्लॉक बोअर करायला बोअरिंगच्या दुकानात, क्रँक ग्राइंडिंगला, हेड फेस करायला, व्हॉल्व्हच्या सीट कापायला. खोलणं, धुणं आणि जोडणं एवढंच घरी उरतं. त्यात कमीपणा काहीच नाही, पण इंजिनाचं आयुष्य ठरवणारी मापं तुमच्या हातून निघालेली नसतात.

एका स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत हे गणित बदलतं. ती म्हणजे माझदाची आरएक्स-7. हिच्या इंजिनात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेनही नाही. बोअर मारायला गोल सिलिंडरच नाही. नीट बांधलं तर जवळजवळ सगळं काम गॅरेजमधल्या एका टेबलावर होतं. म्हणूनच अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये हे इंजिन घरी उघडणाऱ्या हौशी लोकांची मोठी जमात आहे. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाची मिनीबस डोळ्यांपुढे येते. आरएक्स-7 भारतात कंपनीने कधी विकली नाही. पण परदेशात स्थायिक झालेल्या आणि घराला गॅरेज असलेल्या मराठी माणसाला जुनी आरएक्स-7 खुणावू शकते, आणि ती घेतली की इंजिन उघडण्याचा दिवस आज ना उद्या येतोच.

आधी हे यंत्र चालतं कसं ते पाहू, कारण पुढची सगळी मापं त्यातूनच येतात.

या जातीच्या इंजिनाला रोटरी म्हणतात. कल्पना जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांची, आणि ती एनएसयू या जर्मन कंपनीत प्रत्यक्षात आली. मध्ये किंचित आवळलेल्या लांबट पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरतो. त्याची तिन्ही टोकं सतत पोकळीच्या भिंतीला टेकलेली असतात, त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. रोटर जागच्या जागी फिरत नाही. तो शाफ्टच्या एका बाजूला सरकवलेल्या गोल फुगवट्यावर बसलेला असतो, आणि फिरता फिरता त्याचं केंद्रही फिरतं. त्यामुळे प्रत्येक कप्पा आळीपाळीने मोठा होतो, लहान होतो. मोठा होताना हवा-पेट्रोल आत ओढतो, लहान होताना ते दाबतो, ठिणगी पडली की पुन्हा फुगतो आणि शेवटी धूर बाहेर ढकलतो. व्हॉल्व्हचं काम रोटरच करतो: फिरताना तो भोकं झाकतो आणि उघडतो.

रोटरच्या पोटात 51 दात्यांचं गिअर असतं आणि ते बाजूच्या प्लेटवर पक्क्या बसवलेल्या 34 दात्यांच्या गिअरवर फिरतं. या 3 : 2 प्रमाणामुळे रोटरची एक फेरी होईपर्यंत शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात. टॅकोमीटरवर 9000 दिसत असले तरी रोटर 3000 नेच फिरत असतो. त्याच्या तीन बाजूंपैकी एक ना एक बाजू शाफ्टच्या दर फेरीला स्फोट देते. आरएक्स-7 च्या इंजिनात असे दोन रोटर असतात, म्हणजे दर फेरीला दोन स्फोट, म्हणजे चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनाइतके.

‘13बी’ या सर्वात गाजलेल्या इंजिनाची क्षमता कागदावरही काढता येते. शाफ्टचा फुगवटा केंद्रापासून 15 मिलिमीटर सरकलेला, रोटरच्या केंद्रापासून टोकापर्यंतचं अंतर 105 मिलिमीटर, रुंदी 80 मिलिमीटर. या तिघांचा गुणाकार करून त्याला तीन गुणिले वर्गमूळ तीनने गुणा. उत्तर येतं 654 घनसेंटिमीटर. दोन रोटरचे 1308. कर आणि शर्यतीचे नियम करणाऱ्यांनी या आकड्यावर वर्षानुवर्षं वाद घातला, कारण 1.3 लिटरच्या मानाने ताकद फारच निघते. 1991 मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-7 ला दोन टर्बो होते आणि जपानमध्ये 255 पीएस (जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर) मिळत होते. 2002 मध्ये उत्पादन थांबेपर्यंत ते 280 झाले होते.

आता दुखणं. त्रिकोणाची तीन टोकं भिंतीला टेकलेली असतात असं मी सहज लिहिलं, पण अभियंत्यांची झोप उडाली ती याच वाक्यावर. प्रत्येक टोकाला एक बारीक खाच असते आणि त्या खाचेत स्प्रिंगवर उभी असलेली धातूची पट्टी. हे ॲपेक्स सील. पिस्टनची रिंग गोल असते आणि स्वतःच्या ताणाने सिलिंडरला सगळीकडून दाबून राहते. ही पट्टी मात्र एका रेषेवर टेकते, भिंतीशी तिचा कोन सतत बदलतो आणि तिची धाव कधी थांबत नाही.

1960-61 च्या सुमारास माझदाने एनएसयूकडून परवाना घेतला, तेव्हाच्या नमुना इंजिनांत ही पट्टी भिंतीवर थरथरायची आणि लाटांसारखे ओरखडे उमटायचे. जपानी अभियंत्यांनी त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हटलं. केनिची यामामोटो यांच्या हाताखाली 47 जणांची तुकडी या प्रश्नावर बसली. शेवटी ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची पट्टी वापरून 1967 ची कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. त्याच वर्षी एनएसयूनेही रोटरीवरची आरओ 80 आणली. गाडी देखणी होती, पण सीलांनी दगा दिला, वॉरंटीत इंजिनं बदलता बदलता कंपनी खचली आणि 1969 मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. समोरून दुसरी आरओ 80 आली की मालक एकमेकांना बोटं दाखवायचे, आतापर्यंत किती इंजिनं बदलली ते सांगायला, असा किस्सा सांगतात. यामामोटो पुढे माझदाचे अध्यक्ष झाले. आणि 1991 मध्ये माझदाच्या चार रोटरच्या 787बी या शर्यतीच्या गाडीने फ्रान्समधली ल माँची 24 तासांची शर्यत जिंकली, तेव्हा त्या इंजिनातली ॲपेक्स सीलं सिरॅमिकची होती.

दुसरं दुखणं कमी प्रसिद्ध आहे, पण माझ्या मते घरच्या माणसाने त्याचीच जास्त भीती बाळगावी. पिस्टनच्या इंजिनात थंड हवा आत येणं आणि स्फोट होणं एकाच जागी घडतं, त्यामुळे सिलिंडरला सरासरी उष्णता मिळते. रोटरीत हवा नेहमी एकाच बाजूने येते आणि स्फोट नेहमी दुसऱ्याच बाजूला होतो. म्हणजे इंजिनाची एक बाजू कायम थंड आणि स्पार्क प्लगची बाजू कायम तापलेली. त्यात बाजूच्या प्लेट ओतीव लोखंडाच्या आणि रोटरभोवतीच्या पोकळीची भिंत, म्हणजे हाउसिंग, ॲल्युमिनियमची. तापल्यावर दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. त्यांच्या सांध्यांत पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा असतात. एकदा इंजिन जास्त तापलं की रिंगा भाजून कडक होतात आणि कूलंट ज्वलनाच्या कप्प्यात झिरपायला लागतं. सकाळी गाडी सुरू करताना गोडसर वासाचा पांढरा धूर आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे दिसले की समजायचं.

खोलण्याआधी निदान करावं, आणि इथे हे इंजिन एक सुंदर गोष्ट शिकवतं. साधा कॉम्प्रेशन गेज प्लगच्या भोकात लावला तर तो तीन कप्प्यांपैकी सर्वात चांगल्याचाच आकडा धरून ठेवतो. बाकीचे दोन मेले असले तरी कळत नाही. म्हणून गेजमधला एकेरी व्हॉल्व्ह काढतात आणि स्टार्टर मारताना काटा कसा उडतो ते पाहतात. तीन सारख्या उड्या म्हणजे तब्येत ठीक. ॲपेक्स सील दोन कप्प्यांच्या सीमेवर असतं, त्यामुळे ते गेलं तर शेजारशेजारचे दोन कप्पे एकदम ढिले पडतात. एकच कप्पा अशक्त असेल तर संशय रोटरच्या सपाट बाजूवर बसणाऱ्या साइड सीलवर. आकडेच हवे असतील तर तिन्ही कप्पे वेगळे दाखवणारा रोटरीचा खास टेस्टर लागतो. आरएक्स-8 या माझदाच्या नंतरच्या रोटरी गाडीसाठी कंपनीचा आकडा 250 आरपीएमला 830 किलोपास्कल. 680 च्या खाली गेलं किंवा एकाच रोटरच्या दोन कप्प्यांत 150 पेक्षा जास्त फरक पडला की इंजिन उघडायचं.

खोलण्यात सर्वात जास्त वेळ इंजिनापर्यंत पोहोचण्यातच जातो: टर्बो, मॅनिफोल्ड, वायरिंग आणि व्हॅक्यूमच्या असंख्य नळ्या. प्रत्येक नळीला चिठ्ठी लावा, प्रत्येक कोपऱ्याचा फोटो काढा. यावर यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही. इंजिन क्रेनने उचलून स्टँडवर घेतलं की पहिला पहारेकरी भेटतो: फ्लायव्हीलचा नट. 54 मिलिमीटरचा हा नट बसवतानाच सुमारे 400 ते 490 न्यूटन-मीटरला आवळलेला असतो, वर लॉकटाइट, म्हणजे नट ढिला होऊ नये म्हणून लावायचा गोंद. फ्लायव्हील अडवायला पक्की पट्टी, मोठा सॉकेट आणि त्याला लांब पाइप, किंवा दमदार इम्पॅक्ट गन. हा निघाला की बाकीचं इंजिन गुमान उघडतं.

कारण ते रचलेलंच तसं आहे. जेवणाच्या डब्याचे पुडे एकावर एक ठेवून दांड्याने आवळावेत तशी पुढची प्लेट, हाउसिंग, मधली प्लेट, हाउसिंग, मागची प्लेट अशी चळत असते आणि आरपार गेलेले लांब टेन्शन बोल्ट ती धरून ठेवतात. गंमत म्हणजे हे बोल्ट साधारण 35 न्यूटन-मीटरच्या आसपासच आवळायचे असतात. तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधला नेमका आकडा पाहा. ते लांब आणि सडपातळ ठेवलेत, म्हणजे ॲल्युमिनियम तापून फुगलं तरी थोडे ताणले जातात आणि थंड झाल्यावर परत येतात. ‘अजून थोडं आवळू’ ही सवय इथे घातक ठरते. खोलताना आणि बांधतानाही ठरलेल्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत.

मागची प्लेट उचलली की रोटर दिसतो. इथून पुढे घाई नको. दोन रोटरमध्ये मिळून सहा ॲपेक्स सील, बारा साइड सील, ही दोन्ही जिथे भेटतात तिथली बारा छोटी कॉर्नर सील आणि प्रत्येकाखाली स्प्रिंग. कोणता तुकडा कोणत्या रोटरच्या कोणत्या बाजूचा, कोणत्या टोकाचा, हे ठेवण्यासाठी खणांचा ट्रे आधीच तयार करून नावं घालून ठेवा. हाउसिंग वर उचलताना ॲपेक्स सील निसटून फरशीवर पडू शकतं. ते कडक असतं आणि कडक गोष्टी वाकत नाहीत, तुटतात.

यानंतर धुणं. रोटरवर काजळीचा थर दगडासारखा बसलेला असतो. तो मऊ करून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढावा. सील ज्या खाचांत बसतात तिथे तारेचा ब्रश चालवू नये. खाच दोन शतांश मिलिमीटरने मोठी झाली तरी ते नुकसान भरून येत नाही.

आणि मग मोजमाप. रोटरी बांधणं म्हणजे मुख्यतः हेच. पिस्टनच्या इंजिनात झिजलेली गोष्ट मशीनवर कापून पुढच्या मापाची करता येते. इथे जवळपास प्रत्येक तुकड्याबद्दल एकच प्रश्न असतो, ठेवायचा की टाकायचा. हे ठरवायला मायक्रोमीटर, फिलर गेज (फटीत घालून ती मोजायच्या पातळ पात्या), सरळ पट्टी, डायल गेज आणि चांगला उजेड पुरतो.

2 मिलिमीटर जाडीचं ॲपेक्स सील नवं असताना 8 मिलिमीटर उंच असतं, झिजून 6.5 ला आलं की संपलं. खरं तर सगळं उघडलंच आहे तर सील नवीच टाकावीत. प्रश्न सीलांचा नसून ती जिथे बसतात आणि घासतात त्या जागांचा आहे. खाचेत नवं सील घालून फिलर गेजने फट मोजा, 0.15 मिलिमीटरच्या वर असेल तर रोटर बाद. लोखंडी प्लेटवर साइड सीलने कोरलेली पायरी डायल गेजने पाहा, 0.1 पेक्षा खोल नको. प्लेटवर सरळ पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का बघा. विशेषतः प्लगच्या बाजूला, तापण्याचं ठिकाण तेच. अशी प्लेट घासून सपाट करून देणारी दुकानं आहेत, म्हणजे ‘सगळं घरी’ला एवढा एक अपवाद.

सर्वात अवघड निर्णय हाउसिंगचा. ॲल्युमिनियमच्या आत पोलादी पत्र्याचा थर आणि त्यावर कठीण क्रोमचा मुलामा अशी तिची भिंत असते. क्रोम कडेला किंचित सोललं असेल तर काही लोक चालवून घेतात. मधल्या पट्ट्यात पापुद्रे निघाले असतील किंवा तुटलेल्या सीलने नांगरट केली असेल तर ती हाउसिंग संपली. घरी तिच्यावर काहीही करता येत नाही. नॉकिंगने, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून, सील फुटलं तर तुकडा भिंत ओरबाडत धुराच्या वाटेने बाहेर जातो आणि वाटेत टर्बोची पातीही घेऊन जातो. नव्या हाउसिंगची किंमत ऐकून अनेक प्रकल्प इथेच ताडपत्रीखाली जातात. जुनी आरएक्स-7 विकत घेणाऱ्याला माझा सल्ला असतो की पैशाचा हिशेब हाउसिंग फुकट गेल्या असं धरूनच करावा.

बांधताना हाताचं कौशल्य लागतं ते साइड सीलसाठी. ही बारीक वाकडी पट्टी दोन कॉर्नर सीलांच्या मध्ये बसते आणि तिच्या टोकाशी 0.05 ते 0.15 मिलिमीटर फट राहिली पाहिजे. नवी पट्टी किंचित लांब येते. बारीक कानशीने एक टोक दोन-तीन हात घासायचं, बसवून फिलर गेज घालून पाहायचं, पुन्हा घासायचं. जास्त घासलं तर ती पट्टी गेली. अशा बारा. जो काम करणारा इथे 0.05 च्या जवळ थांबतो त्याचं इंजिन गरम असतानाही पटकन सुरू होतं. घिसाडघाई केली तर फट 0.2 वर जाते आणि नवं इंजिन जन्मतःच म्हातारं असतं. कागदावर दोन्हीही चालतात, कारण झिजल्यावर चालणारी कमाल मर्यादा 0.4 ची आहे. माझ्या मते घरी बांधण्याचा खरा फायदा हा: तासावर पैसे घेणारा मेकॅनिक बारा पट्ट्यांवर एवढा वेळ घालवू शकत नाही.

चळत रचताना पुढची प्लेट खाली असते आणि इंजिन मागच्या दिशेने वर चढतं. पाण्याच्या रबरी रिंगा, स्प्रिंग, कॉर्नर सील जागेवर चिकटून राहावीत म्हणून व्हॅसलीन लावतात. कंपनीचं मॅन्युअलही तेच सांगतं. ग्रीस नको, ते नीट जळत नाही. मधली प्लेट घालताना शाफ्ट साधारण 25 मिलिमीटर वर उचलून धरावा लागतो, नाहीतर ती दुसऱ्या फुगवट्यावरून उतरत नाही. हे दोन माणसांचं काम आहे. एकट्याने करायला गेलात तर खाली बसवलेलं एखादं सील हलतं आणि ते हललंय हे तुम्हाला कळत नाही.

बोल्ट आवळले की हुश्श करायची वेळ अजून आलेली नसते. शाफ्टच्या पुढच्या टोकाला सुयांचं थ्रस्ट बेअरिंग असतं. पुढचा बोल्ट पक्का होण्याआधी शाफ्ट सरकला तर हे बेअरिंग जागेवरून सरकतं आणि आवळताना चिरडतं. त्यामुळे तोवर इंजिन पुढचं टोक वर करून उभं ठेवावं. मग डायल गेज लावून शाफ्टचा पुढे-मागे खेळ मोजायचा: 0.04 ते 0.07 मिलिमीटर. कमी-जास्त असेल तर अक्षरांची खूण असलेले वेगवेगळ्या जाडीचे स्पेसर मिळतात, त्यातला योग्य निवडायचा.

शाफ्ट हाताने फिरवा. कुठेही अडकता कामा नये आणि प्लगच्या भोकांतून ठरावीक अंतराने फुस्‌फुस्‌ ऐकू यायला हवं. पाण्याच्या वाटा बंद करून सायकलच्या पंपाने हलका दाब भरून ठेवणं हाही चांगला घरगुती उपाय आहे. दाब उतरला तर इंजिन गाडीत घालण्याआधीच कळतं.

उघडलंच आहे तर पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची भोकं, मोठे करून घ्यावेत, असा मोह सगळ्यांना होतो. भोकाचा आकार बदलला की हवा आत येण्याची वेळच बदलते, कारण व्हॉल्व्ह नाहीत. म्हणून थोड्या घासण्यानेही स्वभाव पालटतो आणि ताकद वाढते. आयडलला ‘ब्रॅप-ब्रॅप’ करणारी रोटरी ऐकली असेल तर ती अशीच खूप कापलेली असते. पहिल्या इंजिनात पोर्टला हात लावू नये असं मला वाटतं. एका वेळी एकच अनोळखी गोष्ट पुरे.

पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा व्हॅसलीन आणि आतलं ऑइल जळून एवढा धूर येईल की शेजारी बाहेर येतील. तो काही मिनिटांत विरतो. सुरुवातीचं कॉम्प्रेशन कमीच दाखवेल, सील भिंतीशी जुळायला वेळ लागतो. सुरुवातीच्या काळात आरपीएम कमी ठेवायचे, टर्बो असेल तर त्याचा दाब (बूस्ट) टाळायचा, ऑइल लवकर बदलायचं. हे इंजिन ॲपेक्स सीलला वंगण मिळावं म्हणून मुद्दाम थोडं ऑइल कप्प्यात सोडतं, तेव्हा डिपस्टिकवरची पातळी खाली जाणं हा बिघाड नव्हे. त्याशिवाय बरेच लोक पेट्रोलमध्ये दर दहा लिटरला 50 ते 100 मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल घालतात, पूर्वी आपण लुनाच्या टाकीत घालायचो तसंच.